दुसऱ्याची काठी

त्या घरातल्या पाण्याच्या टाकीला पातळी दाखवणारा काटा होता, तरी रोज सकाळी टाकीत काठी बुडायचीच. हा नवऱ्याचा दंडक. तो वैमानिक होता. शेतांचे, रस्त्यांचे वरून फोटो घेणाऱ्या एका कंपनीचं चार खुर्च्यांचं विमान चालवायचा. काट्याचं काय, तो मनाला येईल ते सांगतो, काठी ओली झाली तर खरं, हे बायकोनं एकोणतीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की भाजीत मीठ पडलंय का असं विचारलं तर ती म्हणायची, "काठी बुडवून बघा."

विमानाच्या टाक्या डोक्यावरच्या पंखांत. शिडी लावायची, झाकण काढायचं, काठी आत सोडून ओल कुठवर आली ते बघायचं. उडण्याआधी हे तो स्वतःच करी. इंधन भरणारे मामा तिथले जुने जाणते, पण त्यांच्यावरही सोडत नसे.

मग त्याचा उजवा गुडघा गेला. परगावी जाऊन काढलेला एक्स-रे गादीखाली सरकला, कारण कंपनीला कळलं असतं तर उडणं बंद. तेव्हापासून गच्चीवरच्या टाकीची शिडी ती चढू लागली. तो खालून विचारी, "किती?" ती सांगे, "अर्धी." "पुन्हा बघ." ती कुरकुरत पुन्हा काठी बुडवी. विमानाची शिडी कोण चढतं, हे मात्र तिनं आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एका गुरुवारी, धावपट्टी सहा मिनिटांवर असताना, इंजिन बंद पडलं. विमान शेताच्या बांधावर आदळलं आणि तो जागीच गेला. सोबत कोणी नव्हतं, एवढंच काय ते नशीब. काटा पाव टाकी दाखवत होता आणि दोन्ही टाक्यांत थेंब नव्हता.

तीन आठवड्यांनी चौकशी अधिकारी घरी आले. सगळं सरळ दिसतंय म्हणाले. साहेबांनी त्या सकाळीही काठी घातली होती, असं मामांनीच लिहून दिलं होतं. मग त्यानंतर इंधन गेलं कुठं? मामांनीच काढलं असणार. कंपनीनं त्यांना घरी बसवलं होतं, आता चोरीचा ठपका तेवढा बाकी होता. वैमानिकाच्या तब्येतीची काही तक्रार, असं अधिकाऱ्यांनी उगाच रीत म्हणून विचारलं.

"दादा ठणठणीत होता," शेजारी बसलेला दीर म्हणाला.

ती उठली, आत गेली आणि गादी उचलली.

"वहिनी, राहू द्या ते," दीर दबक्या आवाजात म्हणाला.

तिनं एक्स-रे अधिकाऱ्यांच्या हातात दिला. "ह्यांना शिडी चढता येत नव्हती. काठी कोणी घातलीच नसणार. घरची टाकीसुद्धा मीच बघत होते."

अधिकारी गेल्यावर दिरानं चपला पायात सरकवल्या. "मेलेल्या माणसाचं नाव घालवलंत," एवढं बोलून तो गेला. चहाला त्यानं हातही लावला नव्हता.

मामा कामावर परतले आणि पहिल्याच सुट्टीला आले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"कशाला बोललात, वहिनी? माझं काय, नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. साहेबांच्या नावाला बट्टा लागला."

"आणि तुम्ही चोर ठरला असतात, त्याचं काय?" ती म्हणाली. मग इतके दिवस न विचारलेलं विचारलं. "मामा, तुम्ही का नाही हो चढलात?"

मामांनी मान खाली घातली. "रोज म्हणायचो, साहेब, मी चढतो, मी बघतो. म्हणायचे, मामा, दुसऱ्याची काठी मला चालत नाही."

मामा गेले. मग नळाची धार बारीक झाली म्हणून ती गच्चीवर गेली, शिडी चढली, काठी बुडवली. अर्धी. खालून कोणी काही विचारलं नाही.

तिनं काठी पदरानं पुसून कोरडी केली, आणि पुन्हा बुडवली.