एकोणतीसवर अडकलेला आकडा

हे माझ्या बायकोलेही माहीत नाही. तुमाले काऊन सांगतो, तेही मले धड कळत नाही — पण बसलाच आहात, तं ऐका.

माझं काम सेन्सर बसवायचं. पोल्ट्री, गोदाम, शेडनेट. वर सेन्सर, खाली डबा, मधात तारा. डबा त्या तारांवरून घडीघडी विचारते, गरमी किती? सेन्सर आकडा धाडते. तोच आकडा मालकाच्या मोबाईलवर, अन् त्याच आकड्यावर पंखे चालू-बंद. साधी गोष्ट आहे. साध्या गोष्टीतच माणूस माती खाते.

बीबी गावाले माझ्या चुलतभावाच्या बायकोनं, सुनंदा वहिनीनं, कोंबड्यांचं शेड टाकलं. स्वतःच्या हिमतीवर, भाऊ तं नाहीच म्हणत होता. सेन्सरचं काम मले दिलं — घरचा माणूस म्हणून. अन् घरच्या माणसानं काय केलं? या कामाले पीळ दिलेली तार लागते. मी विहिरीच्या मोटरीची उरलेली केबल ओढली, मधात जोड मारला, वरून काळी टेप. चालते बे, म्हटलं.

चालली नाही. सेन्सर मधातच मुका होये, मोबाईलवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. वहिनीचे फोनावर फोन. मले लाज वाटू लागली. तार बदलायची सोडून मी — हो, सांगतो — डब्याच्या प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली. सेन्सरनं उत्तर नाही दिलं, तं मागचाच आकडा दाखव. रेघा गेल्या. वहिनीनं चहा पाजला, म्हणे भाऊजी, आता जिवाले घोर नाही.

मे महिन्यात वहिनी भाचीच्या साखरपुड्याले हिवरा आश्रम गावाले गेल्या. बाहेर आग बरसत होती. त्या जेवताना मोबाईल पाहत, फोटो काढताना पाहत — एकोणतीस. तो सकाळचा आकडा होता. जोड सकाळीच सुटला होता, मंग पंखे कशानं लागतील? परत आल्या तं शेडात एक पक्षी उभा नव्हता, सगळ्या कोंबड्या मेलेल्या.

मले फोन आला. मी पोचलो अन् आधी कोणाले न बोलता शेडात गेलो, जोड दाबला. मोबाईलवरचा आकडा त्रेचाळीसवर गेला. बाहेर माणसं जमली होती. भाऊ ओरडत होता, कोंबड्या सोडून मिरवाले गेली म्हणून. वहिनी मोबाईल धरून माझ्याकडे पाहत होत्या.

"भाऊजी, याच्यावर तं एकोणतीसच होतं. तुमीच सांगा ना तुमच्या भावाले."

मले माहीत होतं. त्याच घडीले, सगळं माहीत होतं.

"वहिनी, तुमी नीट पाह्यलं नसन," मी म्हटलं.

दुरुस्तीच्या नावानं मी डबा घरी नेला अन् ती ओळ पुसली. भीती कशाची होती मले? धंद्याची? भावाची? काही म्हणा — नीचपणाच तो. शेड बंद झालं. आता तिथं ढोरांच्या चाऱ्याचं कुटार भरतात. भाऊ अजूनही पाहुण्यांसमोर हसत सांगते, हिले आकडा वाचता येत नाही. अन् मी तिथंच बसलेला असतो.

परवा गेलो होतो. दारात गॅसवाला उभा, त्याले द्यायचा नंबर वहिनीच्या मोबाईलवर आलेला. बारावी शिकलेली बाई. तिनं मोबाईल माझ्याकडे सरकवला.

"तुमीच पाहा, भाऊजी. मले नाही समजत."

मी नंबर वाचून दाखवला.