त्या गाण्यानंतरचं गाणं

दाताच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट पाहत बसलो होतो. कोपऱ्यातल्या रेडिओवर माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या आवडत्या रॉक गायकाचं गाणं लागलं. ते संपलं, जाहिरात सुरू झाली, आणि मी नकळत कॅसेटवरच्या पुढच्या गाण्याची सुरुवात गुणगुणू लागलो. समोर बसलेल्या, साठीच्या एक बाईही नेमकं तेच गुणगुणत होत्या.

दोघंही एकदम थांबलो.

“तुमच्याकडेही त्याच्या निवडक गाण्यांची कॅसेट होती?” मी विचारलं.

“होती म्हणजे काय, पाठ होती!” त्या सुजलेला गाल धरून हसल्या.

त्या गायकानं ही गाणी निरनिराळ्या वर्षांत लिहिलेली, एक प्रेमात पडल्यावर, एक घर सोडताना. कॅसेट कंपनीतल्या कुणीतरी ती एकापाठोपाठ लावली, आणि आमच्यासाठी तो क्रम सोमवारनंतर मंगळवार यावा इतका पक्का झाला. तो ठाऊक असलेलं दुसरं माणूस मला आज पहिल्यांदाच भेटत होतं. आम्ही पुन्हा सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं, शब्दांसकट.

“काकू, आत या,” नर्सनं हाक मारली.

“आले गं,” त्या म्हणाल्या, “एवढं कडवं होऊ दे.”