अंतरपाटाच्या कडेला

मंगलाष्टकं चालू असताना मी कॅमेरा घेऊन अंतरपाटाच्या कडेला उभा असतो, त्यामुळे दोन्हीकडचे चेहरे मला दिसतात. परवाच्या लग्नात अलीकडे नवरा मुलगा मित्रांकडे बघून हसत होता. पलीकडे नवरी हातातला हार नखांनी कुरतडत होती. तिच्या पायाशी झेंडूच्या पाकळ्या साचल्या होत्या. मागे उभ्या मामाचा हात तिच्या खांद्यावर होता. आशीर्वादाचा हात इतका घट्ट नसतो.

मी सवयीने म्हणालो, "ताई, जरा हसा."

ती लगेच हसली. डोळे मात्र तसेच राहिले. सांगितल्याबरोबर हसायची सवय काही एका दिवसात लागत नाही. हा फोटो सगळ्यांना आवडणार, मोठा करून दिवाणखान्यात लागणार, हे मला तेव्हाच कळलं. आजवर अशा किती जणी मी भिंतींवर टांगल्या असतील, कोण जाणे.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "दादा, आता हसणं थांबवलं तर चालेल?"

मामाचा हात अजून तिथेच होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"एकच, ताई. अजून एकच."