हन्ना काकू आणि ओला दगड

साताऱ्याचा श्रीरंग १९६१ साली ड्रेस्डेनला डॉक्टरेट करायला आला आणि हन्ना किर्स्टेन यांच्या घरी भाड्यानं राहिला. हन्नाबाई ट्रामच्या कंडक्टर. वय छप्पन्न, घरात एकट्या, आणि आवाज असा की मागच्या डब्यातल्या फुकट्यानंसुद्धा मुकाट्यानं खिशात हात घालावा. आठवडाभर तिकिटं फाडायची आणि रविवारी एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या घळींत जाऊन अनवाणी कडे चढायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. पहिल्याच महिन्यात त्यांनी या परक्या मुलाला आपल्या दोराला बांधून घेतलं. तो त्यांना काकू म्हणू लागला.

श्रीरंग अजिंक्यताऱ्यावर हुंदडत वाढलेला, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. काकूंचा कायदा मात्र एकच: पाऊस पडून गेला की दगडाला हात लावायचा नाही. हा दगड पाणी पितो आणि आतून मऊ पडतो.

"आमचा कातळ चार महिने भिजतो, त्याला काही होत नाही," श्रीरंग म्हणायचा.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तो तुमचा, आणि हा आमचा."

१९६४ च्या जूनमधला त्याचा शेवटचा रविवार. पदवी मिळाली होती, बुधवारची गाडी होती. घळीतल्या एका सुळक्यावर जायचं तीन वर्षं राहूनच गेलं होतं, आणि नेमका आदल्या दिवशी पाऊस झाला. काकूंनी पायथ्याची वाळू बोटानं उकरली. आत ओल लागली.

"आज नाही," म्हणून त्या झऱ्यावर पाणी आणायला गेल्या. वरून तर दगड कोरडा दिसतोय, असं म्हणत हा शहाणा चढायला लागला.

पंचवीस फुटांवर उजव्या हातातली दगडी कंगोऱ्याची पकड कणसातल्या दाण्यासारखी सुटून आली. श्रीरंग डाव्या हातावर कसाबसा तगला. वर जाता येईना, खाली उतरता येईना.

काकू परतल्या. ओरडल्या नाहीत. बूट काढून, दोर खांद्यावर टाकून त्या बाजूच्या भेगेतून त्याच ओल्या दगडावर चढल्या. वरच्या लोखंडी कडीत दोर ओवून, त्याचा फास श्रीरंगच्या काखेत अडकवून त्यांनी त्याला अलगद खाली सोडलं. मग स्वतः उतरल्या आणि तुटलेला तुकडा उचलून पाहिला.

"या पकडीवरून माझी आईसुद्धा चढली होती," एवढंच म्हणाल्या. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी गिर्यारोहण क्लबचे चिटणीस घरी आले. "हन्नानं स्वतः येऊन सांगितलं, ओल्या दगडावर चढले आणि पकड तुटली. नियम म्हणजे नियम. आता वर्षभर तिला चढता येणार नाही," ते हळहळून म्हणाले. श्रीरंग तोंड उघडणार, तोच काकूंनी त्याला कॉफी आणायला स्वयंपाकघरात पिटाळलं.

चिटणीस गेल्यावर तो म्हणाला, "काकू, मी जाऊन खरं सांगतो."

"मी खोटं काय सांगितलं? चढले, आणि पकड तुटली. आधी काय झालं ते त्यांनी विचारलं नाही."

"पण शिक्षा तुम्हाला का?"

"सप्टेंबरात तुमच्याकडची दोन मुलं येणार आहेत ना? भारतीय पोरानं पकड तोडली असं झालं, तर त्यांना दोरावर कोण घेईल? तू बॅग भर."

आयुष्यात पुष्कळ लोकांनी श्रीरंगवर उपकार केले, पण इतक्या कमी शब्दांत कुणी नाही.

पुढच्या मे महिन्यात पुण्यातल्या ऑफिसात त्याला पत्र आलं. सप्टेंबरात गेलेल्या त्या दोघांपैकी, त्याच्या जागी राहायला गेलेल्या भास्करनं लिहिलं होतं: "काल क्लबच्या लोकांनी मला घळीतल्या सुळक्यावर नेलं. घरमालकीणबाई खालीच थांबल्या. हल्ली त्या चढत नाहीत म्हणे, कारण विचारलं तर सांगत नाहीत. पण एके ठिकाणी पकडच नव्हती, तिथं हात कुठं घालायचा ते मात्र त्यांनी खालून ओरडून नेमकं सांगितलं."

ते वाचून श्रीरंग भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत रडला.