घोडा कोणाचा

“हे कोणाचं आहे?”

कार्यक्रम घेणाऱ्या मॅडमचं बोट माझ्या खुर्चीला टेकवलेल्या वॉकरकडे होतं. तालुक्याच्या सभागृहात आम्ही अकरा गरोदर बायका रांगेने बसलो होतो, ओटी भरून घ्यायला. मला नववा लागलेला. अंगावर हिरवी साडी, केसांत गजऱ्याचा तुकडा, आणि शेजारी चार पायांचा तो गंजका वॉकर. त्याच्या दोन पायांची रबरं गेली होती. तिथे माझ्या सासूने सायकलच्या ट्यूबचे तुकडे सुतळीने आवळून बांधले होते.

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई मॅडमच्या कानाशी लागल्या. कुजबुजल्या, पण मला ऐकू आलं. “मसणातून आणलाय मॅडम तो.”

मॅडम आधी हसल्या. मग दोन पावलं मागे सरकल्या. “मसणातून? तुम्हा लोकांचं खरंच काही सांगता येत नाही. ओटीच्या कार्यक्रमात? कोणाचं आहे हे?”

मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. शुद्ध बोलते म्हणून माझा भारी तोरा. त्याच शुद्ध भाषेत, स्पष्ट आवाजात मी म्हणाले, “माझा नाही मॅडम. सासूबाईंचा आहे.”

हे सगळं लिहायला बसले ते या एका वाक्यासाठी. मॅडमचं बोलणं मी गिळलं असतं. गिळायची सवय आहे. पण हे वाक्य माझं होतं.

वॉकर मूळचा माझ्या सासऱ्यांचा. खुबा मोडल्यावर गडचिरोलीच्या एका शिबिरात त्यांना मिळाला. ते त्याला घोडा म्हणायचे. दोन वर्षं त्या घोड्यावर गावभर हिंडले आणि गेले. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या वापरातल्या वस्तू मसणात, त्याला पुरलं त्या मातीजवळ नेऊन ठेवतात. खाट, ताटली, कुऱ्हाड, जे काही असेल ते. त्याचं त्याच्याजवळ. ते कोणी घरी परत आणत नाही. तसा घोडाही तिथे गेला.

सातव्या महिन्यात माझ्या कमरेने दगा दिला. मांड्यांच्या मधे हाडावर हाड घासल्यासारखं व्हायचं. पाऊल उचललं की डोळ्यांपुढे अंधारी. नर्सबाई म्हणाल्या, कमरेचा सांधा सैल झालाय, कोणाकोणाला होतं, आधाराने चाला. आधार आणू कुठून? वॉकर मिळेल का म्हणून विचारलं तर अपंगाचं सर्टिफिकेट मागितलं. गरोदरपण त्यात बसत नाही. मग काही दिवस भिंत धरून अंगणापर्यंत जात होते. पुढे तेही होईना.

सासू माझी सख्खी आत्या. मी तिला आत्याच म्हणते. एका सकाळी ती मूठभर तांदूळ आणि पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेऊन निघाली. सासऱ्यांच्या मातीजवळ बसली आणि त्यांच्याशी बोलली. काय बोलली ते आल्यावर सांगितलं.

“म्हनलं, तुया नातवासाठी नेतो. काम झालं का वापस आनून ठेवतो. रागावू नको.”

घोड्यावर वेल चढला होता. तिने तो सोडवला, घोडा राखेने घासला, पायांना ट्यूब बांधली. गाव बोललं. बोलणारच. आत्या म्हणाली, “बोलू दे. इचारून आनला ना मी? चोरून नाई आनला.”

असा तो आधार. त्याच्यावर मी दीड महिना चालले, आणि सभागृहात एका वाक्यात तो झटकून टाकला.

आत्या सभागृहाच्या दारातच उभी होती. सोबतच्या माणसांना आत जागा नव्हती. तिने सगळं ऐकलं. चपला काढून आत आली आणि वॉकर उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“हो बाई, मायाच हाये. माये पाय दुखते.”

आणि लंगडत निघाली.

तेंदूपानांचा भारा डोक्यावर घेऊन जंगलातून घरी येणारी बाई ती. पाय ठणठणीत. ती त्या वॉकरवर ओणवी होऊन, एक पाय ओढत, खट् खट् करत दाराकडे चालली. लंगडणं तिला नीट जमतही नव्हतं. दोन-तीन बायका पदराआड हसल्या. मीही खाली बघून हसले. हो, हसले. तेही लपवत नाही.

ओट्या भरल्या. मग फोटो. “चला, सगळ्यांनी उभं राहा.” मला उठता येईना.

“काय झालं? गरोदर आहात, आजारी नाही. आमच्या आज्या शेतात बाळंत होऊन घरी चालत यायच्या.”

शेजारणींनी दंड धरून मला उभं केलं. मॅडम म्हणाल्या, हात सोडा, फोटोत बरं दिसत नाही. त्यांनी सोडले. मी दात आवळून हसले. कमरेखाली करवत चालली होती. फोटोवाल्याने तीनदा काढला.

तपासणी भाषणांनंतर होती. सोनोग्राफीचे डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचे, म्हणून कोणी उठून घरी जात नव्हतं. मला लघवीला लागली. नवव्या महिन्यात ती थांबत नाही, बायकांना ठाऊक आहे. संडास सभागृहाच्या मागे, पन्नासेक पावलांवर. वॉकर असता तर गेले असते. मागितला तर खोटं उघडं पडलं असतं. मी बसून राहिले. मॅडम मातेच्या सन्मानावर बोलत होत्या.

आधी थेंब पडले. मग धार. खुर्चीखाली डबकं झालं आणि ते हळूहळू पुढच्या सतरंजीकडे निघालं. शेजारणीने पाय वर घेतले. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. आजही हे लिहिताना कान तापतात.

“अगं आई गं,” मॅडम माइकवरच म्हणाल्या. “ती खुर्ची बाजूला घ्या आधी.”

त्यांना खुर्ची दिसली.

दाराकडून खट् खट् आवाज आला. आत्या येत होती. वॉकर घेऊन, अजूनही लंगडत. मला तो हवा आहे हे तिला कळलं होतं, आणि माझं खोटंही तिला सांभाळायचं होतं.

“आजी, ते आत आणू नका!” मॅडमनी अडवलं.

आत्या थबकली. लंगडा पाय मात्र तसाच उचललेला. टेकवला तर सून खोटी पडेल, म्हणून अधांतरी धरून ठेवलेला.

तो पाय मला बघवेना.

“आत्या!” मी ओरडले. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. “सीधी चाल. तुये पाय चांगले हाये. तो माया हाये. इकडे आन.”

आत्याने पाय खाली ठेवला. सरळ चालत आली. वॉकर माझ्यापुढे ठेवला आणि मला उठायला हात दिला.

“अहो, पण मघाशी तुम्हीच तर...”

“मघाशी खोटं बोलले मॅडम. सरका.”

त्या सरकल्या. ओल्या साडीत मी सगळ्या रांगेपुढून गेले. सभागृहात फक्त वॉकरचा आवाज. तपासणीच्या खोलीपुढे पहिली जाऊन उभी राहिले. कोणी पुढे घुसलं नाही. वासामुळे असेल.

पण याला मी शौर्य म्हणत नाही. आधी नाही म्हटलं होतं ना? बाहेर झाडाखाली बसल्यावर मी आत्याचे पाय धरले. तिने ओढून घेतले.

“मले काऊन मागतेस माफी? त्याले माग. त्याचा घोडा तू नाई म्हनली.”

मी मागितली नाही. मुलगी झाली. सव्वा महिन्याने कबूल केल्याप्रमाणे आत्या घोडा परत ठेवून आली, एकटीच. मी लेकराचं निमित्त सांगून घरी राहिले. तो घरातून गेला म्हणून मला हलकंही वाटलं.

तो फोटो दवाखान्याच्या ओसरीत चौकटीत लावलाय. अकरा हसऱ्या बायका, त्यांत मधोमध मी, ताठ, कशालाही न धरता. मुलीला डोस द्यायला नेलं की ती बोट दाखवते, “आई, तू!” मी दुसरीकडे बघते. ती बाई मी नाही.

आता मला पुन्हा सातवा आहे. कंबर पुन्हा तशीच गेली. या वेळी आत्या तांदूळ घेऊन निघाली नाही. म्हणाली, “ज्याले पायजे त्यानं मागाव.” परवा सकाळी तिने मला बैलबंडीत घालून नेलं. मातीजवळ मी तांदूळ ठेवले, दारू ओतली.

“मामाजी, भऱ्या सभेत मी तुमचा घोडा नाई म्हनली होती. लाज वाटली मले त्याची. चुकलं मायं. आता मायासाठी नेतो. सगळ्याईले सांगून नेतो.”

वेल पुन्हा चढला होता. वाकता येत नव्हतं, म्हणून खाली बसून मीच तो सोडवला. आत्या बाजूला उभी राहून बघत होती. हात लावला नाही तिने.

येत्या बुधवारी तालुक्याला ओटीचा कार्यक्रम आहे. काल अंगणवाडीच्या बाई निरोप द्यायला आल्या. कोपऱ्यातल्या वॉकरकडे बघून म्हणाल्या, “याले घरीच ठेवजो बाई. मॅडम त्याच हाये.”

मॅडम त्याच आहेत तर बरंच झालं. मी जाणार. त्यांनी विचारायच्या आधी सांगणार, हा माझा आहे, आणि मसणातून आणलाय. फोटोत तो माझ्यापुढे राहील. तो नको असेल तर मीही नाही, पण तपासणी करून घेतल्याशिवाय हलणार नाही. लघवीला लागली की भाषणाच्या मधेच उठेन, माइकपुढून खट् खट् करत जाईन.

आत्या सोबत येणार आहे. तिला लंगडावं लागणार नाही.