काकांच्या रेडिओतले सहा वेढे

मुरब्याच्या काकींनी त्या सकाळी माझं मनगट धरून ठेवलं, म्हणून मी पळून गेलो नाही. हे आधी सांगतो. पुढचं सगळं माझ्या मूर्खपणाचं आहे, त्यात त्यांचं सांगायचं राहून जायला नको.

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. काका मासेमारी करायचे. मी लातूरकडचा, नववीतून शाळा सोडलेला, तारापूरला एका रसायनांच्या कारखान्यात हेल्पर. बोईसरला एका खोलीत आम्ही आठ जण होतो. ते सोसेना, म्हणून सायकल मारत समुद्रकाठच्या मुरबे गावापर्यंत आलो आणि काकींनी पडवी दिली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

कारखान्याच्या लॅबमध्ये शिकलेली पोरं होती. त्यांचे नाद पाहून मला धडकी भरायची. एक जण रंगीत ठोकळा फिरवून दोन मिनिटांत सगळ्या बाजू जुळवायचा. एक जण पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचा. इकडून चाल गेली की उत्तर आठ दिवसांनी. दोघं कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. आणि चौघांना परदेशी रेडिओ स्टेशनं पकडायचं वेड होतं. स्टेशन लागलं की वेळ आणि आवाज कसा होता ते लिहून पाठवायचं, मग तिकडून रंगीत कार्ड यायचं. कँटीनच्या टेबलावर ती कार्डं पत्त्यांसारखी पसरलेली असायची.

मला आठवड्याला एक सुट्टी. यातलं काय धरावं याची मला खरोखर काळजी लागली होती. चुकीचं धरलं तर जन्मभर हेल्परच राहू, असं वाटायचं. ठोकळा तीन आठवडे फिरवला, एकच बाजू जुळली. बुद्धिबळाला समोर माणूस नसला की मला झोप यायची. क्लासला दहावी पास लागत होती. उरला रेडिओ. मी लॅबमधल्या पोरांना सांगूनही टाकलं की माझं कार्ड येतंय.

"क्या रे, विलायत से चिट्ठी आयी क्या?" शेजारच्या मशीनवरचा बिहारी ऑपरेटर रोज विचारायचा.

"नाही."

"आयेगी. पहले गाँव की चिट्ठी का जवाब तो दे."

रेडिओ माझ्याकडे नव्हताच. काकांचा होता, चामडी कव्हरातला. ते तो होडीवर न्यायचे. गाणी ऐकायला, असा माझा समज. लॅबमधल्या एकानं युक्ती सांगितली. आतल्या काळ्या सळीवर तारेचे सहा वेढे घालायचे आणि तारेचं टोक एरियलच्या दांडीला जोडायचं, मग चहूकडची स्टेशनं जोरात येतात. काका जाळं शिवत बसले होते तेव्हा, त्यांना न विचारता, मी ते केलं. संध्याकाळी मुंबई आकाशवाणी इतकी खणखणीत लागली की काका म्हणाले, "आज बरा बोलतो हा." तारेचं मी सांगितलं नाही. खरं तर हरखलो होतो.

तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. काका पहाटेच दोन खलाशांना घेऊन होडीवर गेले होते. सकाळी आठला दारातून समोरच्या, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्याही दिसेनात. काकी उंबऱ्यात उभ्या होत्या.

"काळजी वाटते का, काकी?"

"वाटतेच. पण रेडियो हाय ना संगती. धुक्यात त्योच वाट दावतो."

"म्हणजे?"

त्यांनी दोन्ही हातांत टोपली धरून दाखवलं. मुंबई लावायची आणि रेडिओ हळूहळू फिरवायचा. एका जागी आवाज मरतो. तेव्हा रेडिओचं एक टोक मुंबईकडे असतं. कुठलं टोक, ते लाटा कुठून येतात त्यावरून कळतं. "तिकडं तोंड केलं की डाव्या अंगाला आपला गाव."

माझ्या तारेनं आवाज सगळीकडून सारखाच येणार होता. तो कुठंच मरणार नव्हता.

मी आत जाऊन वळकटी बांधायला लागलो. काकी मागोमाग आल्या.

"कामावर वळकटी नेतात काय?"

मग मी सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. माझं मनगट मात्र घट्ट धरलं. "ते आले की तूच सांग. मी नाय सांगणार. तवर माझ्यासंगं ऱ्हायचं."

बाहेर त्यांचे दीर आले. "काय झालं, वयनी?"

मला वाटलं, आता मार बसणार.

"काय नाय. वाट बगतो आमी," काकी म्हणाल्या.

धुक्यात होड्यांना किनारा कळावा म्हणून दीर तिथं पत्र्याचा डबा बडवत होते. ते दमले की मी मोकळ्या हातानं बडवायचो. एक होडी आली, तिनं काकांना पाहिलं नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. माझं मनगट अजून काकींच्याच हातात होतं.

बाराच्या सुमारास काकांची होडी लागली. त्यांच्या काखेत रेडिओ होता, एरियल मुळापासून मोडलेलं.

"या दांडीचा घोळ," काका म्हणाले. "कुठं पन फिरवा, बोलतोच बोलतो. दांडी आत ढकलली तर आवाज जरा मरायला लागला. मंग मोडूनच टाकली, तवा मुंबईची दिशा गावली."

लॅबमधल्या कुणाला सुचलं नसतं ते दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसानं हलत्या होडीत शोधून काढलं होतं. मी सांगितलं, ते काम माझं.

"कशाला केलास?"

"कार्ड मिळवायचं होतं."

"कार्ड?" होडीवरचा एक जण म्हणाला. "आमच्या तेराव्याचं काय?"

काका हसले नाहीत. जेवून झोपले. काकींनी रेडिओ माझ्या मांडीवर ठेवला. "खोललास तूच, नीट तूच कर."

"परत त्याच्याच हातात?" दीर म्हणाले.

"मंग कुनाच्या? आत काय घातलंय ते त्यालाच ठाव."

मी सळीवरचे सहाही वेढे काढले. उठल्यावर काकांनी अंगणात रेडिओ फिरवून पाहिला. दक्षिणेकडे टोक आलं आणि आवाज मेला. त्यांनी नुसती मान डोलावली.

कार्ड कधीच मागवलं नाही. लॅबमधल्यांचे नाद वाईट होते असं नाही. बुद्धिबळवाला फार सुखी माणूस होता. पण मी मोठा दिसण्यासाठी नाद शोधत होतो, हे त्या सकाळी कळलं. पुढे कोळीवाड्यातले बिघडलेले रेडिओ माझ्याकडे येऊ लागले. वस्तू उघडण्याआधी मी विचारायचो, हिच्यावर तुम्ही काय काम करता? सुट्टी त्यातच जायची. तेवढ्यावर काही वर्षांनी कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात मला घेतलं.

काकी आता थकल्या आहेत. त्यांचा नातू होडीवर जातो. एखाद्या दिवशी त्याला उशीर होईल आणि त्या किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहतील. मला निरोप पाठवा, असं मी त्यांच्या घरी सांगून ठेवलंय. पाळी टाकून येईन आणि होडी दिसेपर्यंत त्यांचा हात धरून उभा राहीन. एवढं त्यांचं देणं माझ्याकडे राहिलंय, ते मी फेडणार आहे.