ससा चौदा, कुत्रा चौदा

दिनांक ४ फेब्रुवारी २०२४, रविवार. माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. चंद्रपुरातल्या एका हॉलचं भाडं सहा हजार, जेवणाची साठ ताटं, एकशे ऐंशीच्या दराने दहा हजार आठशे. एकूण सोळा हजार आठशे रुपये. हजर माणसं अठ्ठावन्न : मुलाकडची नागभीडहून आलेली सत्तावीस, आमच्याकडची एकतीस.

मुलगी गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. याआधी आलेली दोन स्थळं तिने स्वतः नाकारली होती. तिसऱ्याला, कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात नोकरीला असलेल्या या मुलाला, तिने स्वतःहून हो म्हटलं. त्यामुळे त्या दिवशी माझं एवढंच मागणं होतं की सर्वांनी जेवावं, अंगठ्या व्हाव्या आणि आपापल्या घरी जावं.

पण विधी लावणारे बौद्धाचार्य आधीच्या एका लग्नात अडकले. अडीचला येणार होते, फोन आला की चार वाजतील. जेवणं उरकली होती. रिकामे पुरुष खुर्च्या गोल करून बसले, आणि माझ्या साळ्याने प्रश्न टाकला.

साळा ऊर्जानगरला वीज केंद्रात आहे. कुठेही चार माणसं दिसली की प्रश्न टाकायचा, हा त्याचा छंद. मोबाइलवर त्याचे असे तीन गट आहेत. प्रश्न नेहमी एकाच जातीचा असतो : दोघांपैकी मोठा कोण. तिसरा कोणी असू शकतो, किंवा मोठेपणा मोजायला काही माप लागतं, हे त्याच्या गावी नाही. उत्तराशीही त्याला देणंघेणं नाही. लोक तापले की त्याचं पोट भरतं.

आधी जुने दोन गायक झाले. त्यावर वीस मिनिटं गेली. ज्यांना स्वतःला दोन ओळी सुरात म्हणता येत नाहीत ते लोक सुरांवर बोलत होते. मग फुटबॉल. नवरदेवाच्या धाकट्या भावाने सदऱ्याच्या आत एका परदेशी क्लबची जर्सी घातली होती, ती बटणं काढून दाखवली. माझ्या पुतण्याने मोबाइलवर दुसऱ्या क्लबचे गोल दाखवले. दोघंही "आपण" म्हणत होते. आपण हरलो, आपण जिंकलो, आपला गोलकीपर विकला. शाळा सुटल्यापासून दोघांपैकी एकानेही चेंडूला पाय लावलेला नाही. पुतण्याला जिना चढताना धाप लागते.

इथवर ठीक होतं. ते क्लब दूर होते, त्यांच्यावरून कोणाचं घर मोडत नाही. पण साळ्याचं समाधान झालं नाही.

"बरं, आता आपल्या गावचं सांगा," तो म्हणाला. "गोंड राजानं हा किल्ला बांधला, तवा ससा कुत्र्याच्या मागं होता का कुत्रा सशाच्या मागं?"

चंद्रपुरात वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. राजा शिकारीला निघाला, तर एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ज्या वाटेने ते पळाले त्या वाटेने राजाने कोट बांधला. अशी कथा आहे. मी ती लहानपणी अशीच ऐकली.

नवरदेवाचे मामा पुढे सरकले. साठीचे, शेतीवाले, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. "ससा कुत्र्याच्या मागं?" ते म्हणाले. "राजाचा शिकारी कुत्रा सशाले भेईन काय जी? आमच्याकडं असे ससे होत नाई."

"तुमच्याकडं किल्ला बी नाई होत, मामाजी," साळा म्हणाला.

आमच्याकडचे हसले. नागभीडकर हसले नाहीत. आता ससा आणि कुत्रा राहिले बाजूला. कोणी मोबाइल काढला, कोणी म्हणालं मोबाइलवर खोटंच असते. कोट हॉलपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. त्या तासाभरात तो बघायला जाऊ असं कोणी म्हटलं नाही, आणि गेले असते तरी भिंतीवर काय दिसणार होतं, ते मला कळत नाही.

शेवटी साळ्याने मतदान घेतलं. पाचशे वर्षांमागे कोण कोणाच्या मागे धावत होतं, ते हात वर करून ठरवायचं. बायकांना कोणी विचारलं नाही. नागभीडचे चौदा पुरुष, चौदाही हात कुत्र्याला. नवरदेवानेही कोपरापर्यंत वर केला. आमचे माझ्याशिवाय चौदा, ते सगळे सशाला. एकही मत घराबाहेर गेलं नाही.

"बरोबरी झाली," साळा म्हणाला. "नवरीले विचारा."

"तिले नाई विचारायचं," मी म्हटलं.

"मंग तुमी सांगा, भाऊजी. तुमचं मत राह्यलं."

"ही कथा आहे. कथेवर मी मत देत नाही."

मला वाटलं यात कोणाला लागण्यासारखं काही नाही. मामा उठले. "पोरीच्या बापालेच आमचं खोटं वाटते," ते म्हणाले, "पण तोंडानं सांगायची हिंमत नाई." चपला घालून ते निघून गेले. मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे इवाई, माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, पोराच्या मामाबिगर मी अंगठी घालू देणार नाई. माह्या बायकोचा एकुलता भाऊ हाय तो."

मुलगी स्टेजवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी गाडी काढली. मामा बस स्टँडसमोरच्या टपरीवर सापडले. नागभीडची बस लागायची होती. चहा समोर तसाच होता, आणि टपरीवाला त्यांना सांगत होता, "नाई जी काका, ससाच होता मागं. इथं कोणालेबी विचारा." म्हणजे पंधरावं मतही त्यांच्या विरोधात गेलं होतं.

मी बाजूला बसलो, एक चहा सांगितला. "मामाजी, चला."

"तुमचं मत काय ते सांगा पहिले."

मी खोटं बोलत नाही असं मी लोकांना सांगत आलो आहे. सामानाच्या भांडारात नोकरी केली, तिथे एक खिळा कमी निघाला तरी तो कमी म्हणून लिहिला आहे. आणि इथे एक साठीचा माणूस माझ्या मुलीचं लग्न एका कुत्र्याला बांधून बसला होता.

"माझं मत कुत्र्याला," मी म्हटलं. "कुत्रा सशाच्या मागं होता."

"मंग तवाच सांगायचं नं," मामा म्हणाले. लगेच त्यांनी चहा पिऊन टाकला.

टपरीवाल्याने मला खालून वर पाहिलं. "तुमी इथचेच काय?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो गिलास विसळायला लागला.

बौद्धाचार्य पोचले होते. मामांनी हॉलमध्ये शिरताच निकाल जाहीर केला : कुत्रा पंधरा, ससा चौदा. नागभीडकरांनी टाळ्या वाजवल्या. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या. मुलगी हसली, ते मी पाहिलं. साळा माझ्याशी बोलला नाही. माझ्याच माणसांत मी गद्दार ठरलो होतो, तेही एका सशापायी.

हॉल चार वाजेपर्यंतचाच होता. निघेपर्यंत साडेपाच झाले. दीड तासाचे जादा पाचशे लागतील, असं चौकीदार म्हणाला. मी साळ्याला म्हटलं, निम्मे तू दे, प्रश्न तुझा होता.

"ससा जिंकला असता तं देल्ले असते," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

दोन चहाचे वीस रुपये टपरीवाल्याला दिले होते. जादा भाड्याचे पाचशे पूर्ण मीच दिले, चौकीदाराला.